बॅकअप घेताय ना? मग रिस्टोअर करून दाखवा



डेटाबेसचा बॅकअप कसा लावायचा, ते या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. कुठलं बटण कुठे आहे ते तिथे बघा. इथे मला एक मत मांडायचंय आणि ते काही जणांना झोंबेल. ज्या बॅकअपवरून तुम्ही स्वतः एकदाही डेटा परत उभा करून बघितला नाही, तो बॅकअप धंद्याच्या हिशेबात शून्य धरा.

ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचला मी विचारतो, "बॅकअप कोण कोण घेतं?" बरेच हात वर येतात. मग विचारतो, "त्यावरून रिस्टोअर कोणी करून बघितलंय?" हात खाली जातात. कोणीतरी म्हणतं, "सर, तशी वेळच आली नाही कधी." वेळ आली नाही हे चांगलंच आहे. पण रिस्टोअर ही वेळ आल्यावर पहिल्यांदा करून बघायची गोष्ट नाही. मी नेमकं तेच केलं होतं, म्हणून सांगतोय.

माझे १३० दिवस

२०१८ सालचा ऑक्टोबर. आमचं रंग आणि हार्डवेअरचं दुकान. घरं रंगवायचा सीझन म्हणजे दसरा ते दिवाळी. दसऱ्याला आम्ही वजनकाट्याची, रंग मिसळायच्या मशीनची आणि सर्व्हरची पूजा केली. सर्व्हर म्हणजे काय, तर मागच्या खोलीतला एक साधा कॉम्प्युटर. बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटाबेस त्याच्यावर आणि पुढचे दोन काउंटर त्याला जोडलेले. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर विंडोज उघडेना. आतून टक टक आवाज. हार्ड डिस्क गेली होती.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. रोज रात्री साडेनऊला बॅकअप चालायचा. काळी खिडकी उघडायची, शेवटी 'बॅकअप कम्प्लीट' असं यायचं आणि आम्ही शटर ओढायचो. नवीन डिस्क आणली, सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं, बॅकअपची बाहेरची डिस्क त्याच्या हातात दिली. त्याने फोल्डर उघडला आणि विचारलं, "दादा, शेवटची फाईल ११ जूनची आहे. पुढच्या कुठे ठेवल्यात?"

पुढच्या कुठेच नव्हत्या. झालं असं होतं, की जूनमध्ये बाहेरची डिस्क काढलेली असताना कोणीतरी पेन ड्राइव्ह लावला. विंडोजने डिस्कचं 'ई' हे अक्षर पेन ड्राइव्हला दिलं आणि डिस्क परत लावल्यावर तिला 'एफ' मिळालं. बॅकअपची आज्ञा मात्र फाईल 'ई'वरच लिहा म्हणत होती. पेन ड्राइव्ह काढल्यावर 'ई' उरलंच नाही. रोज रात्री एरर यायची आणि ती नजरेला पडायच्या आत पुढची ओळ चालायची. 'बॅकअप कम्प्लीट' हा मेसेज बॅच फाईलच्या शेवटच्या ओळीत नुसता लिहून ठेवलेला होता. बॅकअप होवो न होवो, तो यायचाच. १३० दिवस मी तो मेसेज वाचून निवांत घरी गेलो.

बंद पडलेली डिस्क रिकव्हरीवाल्यांकडे पाठवली. आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत म्हणून ती तशीच परत आली.

मग सुरू झालं जोडकाम. जीएसटी पोर्टलवर भरून झालेल्या रिटर्नमधून जीएसटी नंबर असलेल्या ग्राहकांची बिलं मिळाली, कारण तिथे प्रत्येक बिल वेगळं चढवलेलं असतं. खरेदी सप्लायरकडून मागवून घेतली. बँकेचं स्टेटमेंट काढलं. पण किरकोळ विक्री? रिटर्नमध्ये तिची नुसती एकत्रित बेरीज असते. कोणाला किती दिलं आणि कोणाकडून किती यायचंय, ते त्यात कुठेच नसतं. आणि आमची उधारी असते ती नेमकी याच लोकांची. पेंटर, गवंडी, प्लंबर, घर बांधायला काढलेले शेतकरी.

आता जी गोष्ट सांगतोय ती मला आजही टोचते. मी बीबीए करून दुकानात आलो तेव्हा पहिलं काम कुठलं केलं असेल, तर आप्पांची उधारीची वही बंद केली. "आता सगळं कॉम्प्युटरवर," म्हणालो. त्या ऑक्टोबरमध्ये आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसून आठवतील तशी नावं कागदावर लिहीत राहिले.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक मिस्त्री आले. शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली आणि म्हणाले, "आप्पा, तुमचा कॉम्प्युटर गेला म्हणं. माझ्याकडं अकरा हजार चारशे निघतात बघा. तारीखवार लिवलंय." असे आणखी काही जण आले. बरेच आले नाहीत. काहींना आकडा आठवत नव्हता, काहींना आठवूनही आठवत नव्हता. किती उधारी बुडाली, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. आणि हाच खरा तोटा. आकडा माहीत असता तर मागता तरी आला असता.

हे मोठ्यांचंही होतं

तुम्ही म्हणाल, दादा, तुमची बॅच फाईलच चुकीची होती. बरोबर आहे. मग ज्यांचा धंदाच सॉफ्टवेअरचा आहे त्यांचं बघा.

गिटलॅब नावाची कंपनी आहे. जगभरातले प्रोग्रॅमर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री त्यांचा एक इंजिनीअर डेटाबेसची अडचण सोडवत होता. दोन सर्व्हर होते. रिकामा फोल्डर पुसायचा होता दुसऱ्या सर्व्हरवरचा, पण आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन त्याने थांबवेपर्यंत साधारण ३०० जीबीमधले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

चूक माणसाकडून होते, ते सोडा. पुढचं महत्त्वाचं आहे. त्यांच्याकडे डेटा सांभाळायचे एक नाही, अनेक मार्ग लावलेले होते. रोजचा बॅकअप उघडायला गेले तर ती जागाच रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनचा होता आणि डेटाबेस नव्या व्हर्जनचा, त्यामुळे तो रोज एरर देऊन बंद पडत होता. एरर आली की ईमेल जायची सोय होती, पण समोरचा मेल सर्व्हर त्या ईमेल नाकारत होता. म्हणजे माझी काळी खिडकी आणि त्यांची न पोचलेली ईमेल, दुखणं एकच. शेवटी साधारण सहा तासांपूर्वी एका इंजिनीअरने दुसऱ्याच कामासाठी डेटाची एक प्रत हाताने काढलेली होती, तिच्यावर त्यांनी सगळं परत उभं केलं. त्यालाही १८ तासांच्या वर लागले. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कमेंट आणि ७०० नवीन खाती गेली ती गेलीच.

या कंपनीचं मला एक आवडलं. त्यांनी काही झाकलं नाही. डेटा परत आणायचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सगळ्या चुका लिहून काढल्या. त्या लिखाणाचं सार एका वाक्यात सांगायचं तर, बॅकअप चालतोय की नाही हे तपासायची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, म्हणून कोणीच तपासलं नाही.

आता तुमच्या दुकानात ही जबाबदारी कोणाची आहे? नाव घेऊन सांगता येईल?

कॉपी, सिंक आणि बॅकअप

बॅचमध्ये हमखास येणारी तीन उत्तरं आहेत. तिन्हींवर माझा आक्षेप आहे.

पहिलं उत्तर: "मी रोज डेटाचा फोल्डर कॉपी करतो." डेटाबेस चालू असताना त्याच्या फाईली सतत बदलत असतात. कॉपीला दहा मिनिटं लागली, तर पहिली फाईल दहा वाजताची आणि शेवटची दहा वाजून दहा मिनिटांची. बिल एकात आहे, त्याची स्टॉकमधली वजावट दुसऱ्यात नाही. अशी प्रत कधी उघडते, कधी उघडत नाही. कधी उघडते पण आतून मोडलेली असते, आणि ते सगळ्यात वाईट. म्हणून डेटाबेसची स्वतःची बॅकअप आज्ञाच वापरा. मायएसक्यूएलला मायएसक्यूएलडंप आहे. एसक्यूएल सर्व्हरला बॅकअप डेटाबेस ही आज्ञा आहे. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाच्या मेनूत बॅकअप आणि रिस्टोअर शेजारी-शेजारी दिसतात.

एक गोष्ट खास लक्षात ठेवा. बरीच बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीवर चालतात. ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा एजंट या आवृत्तीत नसतो. म्हणजे कोणीतरी विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅकअप लावून द्यावा लागतो. लावलाय का, ते विचारा. लावला असेल तर बघा.

दुसरं उत्तर: "आमच्याकडे दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप जातं." चांगली सोय आहे. एक डिस्क मेली तर दुकान चालू राहतं. पण पोऱ्याने चुकून वर्षाचा डेटा पुसला, तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो.

तिसरं उत्तर: "गुगल ड्राइव्हला सिंक आहे." तेच. इथे पुसलं की तिथे पुसलं. कचरापेटीत ३० दिवस राहतं, पण १३० दिवस लक्षातच आलं नाही तर?

याचं मोठं उदाहरण आपल्या दारातलं आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बसली आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात त्यांच्या गटाकडून चालवलं जाणारं टर्मिनलही अडकलं. कंपनीच्या नेटवर्कवर कोणाला काय परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे साधारण १५० सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांशी सतत सिंक होत होते. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. सगळे एकदम जातील, हे हिशेबात नव्हतं. गेले सगळे. वाचला तो एक, घानामधला, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका प्रतीच्या आधाराने कंपनी परत उभी राहिली. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले.

आपण यातून एवढंच घ्यायचं, की एक तरी प्रत कुठल्याच तारेला जोडलेली नसावी. बॅकअपची डिस्क २४ तास सर्व्हरला लावून ठेवली, तर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. बॅकअप झाला की डिस्क काढा.

आणि ती डिस्क दुकानातच, त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला शिरलं. पाणी सर्व्हर आणि बॅकअप असा भेद करत नाही. म्हणून जुना साधा नियम पाळा: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. माझ्या दोन डिस्क आळीपाळीने घरी जातात. आज पहिली घरी, उद्या दुसरी. त्याशिवाय एक प्रत क्लाउडवर, जुन्या तारखांसकट.

आधी दोन आकडे ठरवा

सॉफ्टवेअरवाल्याशी बोलायच्या आधी मालक म्हणून दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

एक, किती वेळाचा डेटा गेला तर मला चालेल? दोन, दुकान परत चालू व्हायला किती वेळ लागला तर परवडेल?

उदाहरण घेऊ. दिवसाला १२० बिलं होतात. बॅकअप फक्त रात्री. संध्याकाळी सहाला डिस्क गेली, तोवर ९० बिलं झालेली. छापील प्रती बघून एक बिल परत चढवायला ३ मिनिटं धरली तर २७० मिनिटं, म्हणजे साडेचार तास. एका माणसाचं अर्ध्या दिवसाच्या वर काम. दुपारी दोनला आणखी एक बॅकअप लावला, तर ते साधारण निम्म्यावर येतं. खर्च काही नाही, फक्त शेड्युलरमध्ये एक वेळ वाढवायची. ज्याची दिवसाला १० बिलं आहेत, त्याला रात्रीचा एक बॅकअप पुरे. हा निर्णय तुमचा आहे, कॉम्प्युटरवाल्याचा नाही. तुमच्या एका तासाची किंमत त्याला माहीत नसते.

दुसऱ्या आकड्याचं मात्र कागदावर खरं उत्तर मिळत नाही. रिस्टोअर करून बघितल्याशिवाय ते कळतच नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा मला चार तास लागले. सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाईल सापडेना, लायसन्सचा नंबर जुन्या ईमेलमध्ये होता, पासवर्ड कोणाला आठवेना. आता ५० मिनिटांत होतं.

रंगीत तालीम कशी करायची

नाटकवाले प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात. आपणही करायची. महिन्यातून एकदा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. माझी पद्धत सांगतो.

१. वेगळा कॉम्प्युटर घ्या. जुना लॅपटॉप चालतो. चालू सर्व्हरवर तालीम अजिबात करायची नाही. चुकून आजच्या डेटावर जुना डेटा बसला, तर बॅकअपनेच नुकसान केलं असं होईल. टॅलीतही रिस्टोअर करताना वेगळा फोल्डर द्या.

२. त्या लॅपटॉपवर डेटाबेसचं व्हर्जन सर्व्हरइतकं किंवा त्याहून नवं असू द्या. एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या व्हर्जनचा बॅकअप जुन्या व्हर्जनवर उतरत नाही. हे संकटाच्या दिवशी कळलं तर डोक्याला हात लावायची वेळ येते.

३. घरी ठेवलेली डिस्क आणा. दुकानातल्या डिस्कवरून करून बघण्यात अर्थ नाही. उद्या आग लागली तर हाताशी घरचीच असणार आहे.

४. फाईलची तारीख आणि आकार बघा. डेटा रोज वाढतो, मग फाईलही हळूहळू वाढलीच पाहिजे. अचानक लहान झाली किंवा शून्य केबी दिसली, तर तिथेच थांबा. मायएसक्यूएलडंपची फाईल असेल तर ती उघडून शेवटची ओळ वाचा. डंप पूर्ण झाल्याची ओळ तारखेसकट तिथे असते. काम अर्ध्यात तुटलं तर ती ओळ नसते. माझ्या बॅच फाईलसारखी फसवी नाही.

५. रिस्टोअर करा आणि डेटाबेसला 'तालीम' असं नाव द्या. नाहीतर काउंटरवरचा मुलगा त्यातच बिलं करत बसेल.

६. आता जुळवा. शेवटचा बिल नंबर, उधारीची एकूण बेरीज, कुठल्याही तीन वस्तूंचा स्टॉक, एका जुन्या ग्राहकाचं पूर्ण खातं. आदल्या रात्री हेच आकडे वहीत लिहून ठेवलेले हवेत. हो, वहीत. आप्पांची वही आमच्याकडे परत आली आहे, या कामासाठी.

७. एक बिल छापून बघा. डेटा आला पण छपाईचा नमुना आला नाही, असंही होतं.

८. किती मिनिटं लागली, काय अडलं, ते तारखेसह लिहा.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. वेबसाइटचा डेटाबेस वेगळा आणि वस्तूंचे फोटो, थीम या फाईली वेगळ्या. नुसता डेटाबेस परत आणलात तर ऑर्डरी दिसतील, पण दुकानात फोटोच नसतील. दोन्हींचा बॅकअप हवा आणि तो एकाच वेळचा हवा.

"ते आमचा कॉम्प्युटरवाला बघतो"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. कॉम्प्युटरवाला वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. त्याच्याकडे तुमच्यासारखी कित्येक दुकानं असतात. तुमचा डेटा गेला तर त्याचं एक गिऱ्हाईक जातं. तुमची उधारी जाते.

माझं स्पष्ट मत आहे, की वार्षिक मेंटेनन्सचे पैसे देताना 'बॅकअप घेतला जाईल' या ओळीवर समाधान मानू नका. 'दर तीन महिन्यांनी मालकासमोर वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवलं जाईल' ही ओळ घालून घ्या. ज्याला काम येतं तो लगेच हो म्हणतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याबद्दल तुम्हाला संकटाच्या आधीच कळलं, हेही काही कमी नाही.

क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. डिस्क मरायची चिंता गेली, हे खरं आहे. पण सबस्क्रिप्शन संपलं, खातं बंद पडलं, कर्मचाऱ्याने नोंदी पुसल्या, तर? विकत घेण्याआधी विचारा: माझा पूर्ण डेटा मला उतरवून घेता येतो का, कुठल्या स्वरूपात आणि जुन्या तारखेचा परत मिळतो का? ट्रायलच्या काळातच उतरवून, एक्सेलमध्ये उघडून बघा.

आणि हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात नको. बॅकअपला पासवर्ड लावाच, त्यात ग्राहकांचे मोबाइल नंबर असतात आणि डिस्क बाहेर फिरत असते. पण तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून घरच्या कपाटात ठेवा. पुढची तालीम तुम्ही नाही, दुकानातल्या दुसऱ्या कोणीतरी करायची. आमच्याकडे एकदा बायकोने केली. मी लिहिलेल्या सूचनांमध्ये तिने दोन चुका काढल्या. दोन्ही बरोबर होत्या.

कायदाही हेच म्हणतो

काही जण म्हणतात, एवढ्या लहान दुकानाला एवढं कशाला? जीएसटीचा नियम दुकानाचा आकार बघून सूट देत नाही. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या ५७ व्या नियमाप्रमाणे, नोंदी कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्यांचा योग्य बॅकअप असा ठेवायचा, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी रास्त वेळेत माहिती परत मिळवता आली पाहिजे. नीट वाचा. नियम 'बॅकअप घ्या' म्हणून थांबत नाही, परत मिळवता आली पाहिजे असं म्हणतो. म्हणजे रिस्टोअर. आणि हिशेब जपायचे किती दिवस? त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या मुदतीपासून ७२ महिने. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो.

सहा वर्षांपूर्वीचा बॅकअप उघडायला त्या वेळचं सॉफ्टवेअर लागू शकतं, हेही ध्यानात ठेवा. दरवर्षी मार्चअखेरीला मी खातेवह्यांची पीडीएफ काढून वेगळी ठेवतो. पीडीएफ उघडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आजचं काम

यात वेळ जातो, मान्य आहे. सुट्टीचा एक तास जातो, एक जुना लॅपटॉप अडकतो, दोन डिस्क विकत घ्याव्या लागतात. नवीन धंदा उभा करणाऱ्याला हे शेवटच्या नंबरचं काम वाटतं. मलाही वाटायचं.

आज रात्री शटर ओढायच्या आधी एवढंच करा. बॅकअपचा फोल्डर उघडा. शेवटच्या फाईलची तारीख आणि आकार बघा. स्क्रीनवरचा मेसेज वाचू नका, फाईल बघा. तारीख आजची असेल तर या सुट्टीला पहिली तालीम लावा. आजची नसेल, तर सॉफ्टवेअरवाल्याला आत्ताच फोन करा. उद्याची वाट बघू नका.

ते मिस्त्री अजून आमच्याकडे येतात. माल घेतला की काउंटरवर उभं राहूनच खिशातल्या डायरीत लिहितात आणि मग मला स्क्रीन वळवून दाखवायला सांगतात. दोन्ही आकडे जुळले की डायरी खिशात. रिस्टोअरची तपासणी मी त्यांच्याकडूनच शिकलो, असं म्हणायला माझी हरकत नाही.